हे माझं

बाईंनी मोबाइल स्पीकरला जोडला, आवाज जरा वाढवला आणि त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्याच ओळीला रेकॉर्डिंगमधल्या म्हातारीचा आवाज चिरकला. मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्याच्या मिषाने हसलं.

कॉलेजात संगीत शिकवणाऱ्या या बाईंनी दर बुधवारचा हा तास हट्टाने सुरू केला होता. प्रत्येक वेळी एकाने आपल्या घरातलं, आपल्या श्रद्धेचं गाणं द्यायचं. कुणाचं ते आधी सांगायचं नाही. सगळ्यांनी ऐकायचं, मग धर्म, समाज, मनात येईल ते मोकळेपणी बोलायचं, आणि शेवटी ज्याचं गाणं त्याने उठून ‘हे माझं’ म्हणायचं. नियम बाईंचाच. गेल्या वर्षी एक मुलगा नको नको म्हणत होता, तरी त्यांनी त्याला उठायला लावलं होतं.

आजचं गाणं बाईंच्या आईचं होतं. त्यांच्याखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गाणं कसलं, देवाशी केलेली बोलणीच ती. विहिरीला पाणी राहू दे, शेजारणीचा गुडघा बरा कर, धाकट्या जावेची जीभ जरा आवर. रेकॉर्डिंगच्या आधी आई दोनदा गरम पाणी प्यायली होती आणि मुलांना आवडेल ना गं, असं चारदा विचारून झालं होतं.

गाणं संपलं. वादविवाद गाजवणाऱ्या एका मुलाला सगळे वकील म्हणत. तोच आधी बोलला.

“ही प्रार्थना आहे की वाणसामानाची यादी?”

वर्ग हसला. बाईही हसल्या. हसू आपोआप आलं, असं त्यांनी नंतर स्वतःला बजावून पाहिलं, पण ते खोटं होतं. आपण हसलो नाही तर गाणं आपलं आहे हे कळेल, म्हणून त्या हसल्या होत्या.

मग चर्चा पेटली. अशा भाबड्या माणसांमुळेच समाज मागे राहतो, असं वकिलाने ठासून सांगितलं. ज्यांना डॉक्टर परवडत नाही ते गुडघा देवालाच दाखवणार, असं दुसरा म्हणाला. एरवी असा तास झाला की बाई दोन दिवस खुशीत असत. आज त्यांना कधी एकदा घंटा होते असं झालं होतं. कधीच न बोलणारी एक मुलगी शेवटी बोलली.

“यादीत सगळे आहेत. ती स्वतः नाही.”

बाईंनी सवयीने विचारलं, गाणं कुणाचं? मुलं एकमेकांकडे बघू लागली. बारा वर्षांत बाईंनी आपली श्रद्धा इथे कुणाला कळू दिली नव्हती. बाईंना सगळे सारखे, असं लोक कौतुकाने म्हणत आणि त्या ते ऐकून घेत. आता फक्त दोन शब्द म्हणायचे होते. त्यांनी खिडकीची कडी लावली, मग उघडली.

तीच मुलगी उठली.

“माझं आहे.”

वकील लाल झाला. त्याने सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, मनापासून मागितली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.

वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी तिला थांबवलं. असं का केलंस, एवढंच विचारलं.

“ज्याचं होतं त्याला उठायचा धीर झाला नसेल, बाई. त्या आजींच्या वतीने माफी कुणीतरी घ्यायला हवी होती ना?” ती दप्तर खांद्याला लावत म्हणाली. “तो कोण ते मी विचारत नाही. त्याला फक्त सांगा, घाबरू नकोस म्हणावं.”

“सांगते,” बाई म्हणाल्या. तिच्याकडे बघायचं मात्र त्यांना जमलं नाही.

घरी आई दारातच उभी होती. मुलं काय म्हणाली ते बाईंनी सांगितलं, म्हणजे त्यातलं सांगण्यासारखं तेवढं. आई लाजली, पदार्थ चांगला झाल्यावर लाजायची तशी.

“आणि तू उठून ‘हे माझं’ म्हणालीस तेव्हा?”

बाई चपलेचा पट्टा सोडवायला वाकल्या. पट्टा केव्हाच सुटला होता.

“एक मुलगी उठली, आई. माझं आहे म्हणाली.”

आईने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि खुंटीला अडकवली.

“कुणाची गं ती लेक?” तिने विचारलं.