नाचाची गाठ

मोचे गावात मारिनेरा नाचायला शिकायचं तर एर्मेलिंडाच्या अंगणात जावं लागे. या नाचात पुरुष बुटांत नाचतो आणि बाई अनवाणी. ‘अनवाणी पाय हाच बाईचा दागिना,’ हे एर्मेलिंडा प्रत्येक पोरीला पहिल्याच दिवशी ऐकवायची. साठीला टेकली होती, तरी उन्हात तापलेल्या सिमेंटवर अशी टाच आपटायची की शेजारची झोपलेली कुत्री उठून बसायची.

तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड लिंबाएवढं बाहेर आलं होतं. गाव त्याला हुआनेते म्हणे. एर्मेलिंडाच्या घरात मात्र त्याचं नाव होतं नाचाची गाठ. तिच्या आईला ती होती. “हाडातच नाच असला की हाड असं डोकं वर काढतं,” आई म्हणायची. एर्मेलिंडाने जन्मभर रुंद चपला वापरल्या, तिची गाठ कधी फारशी दुखली नाही, आणि आईचं बोलणं खोटं मानायचं तिला काही कारणच पडलं नाही.

म्हणून लेकीच्या, नेलिदाच्या पायावर चोविसाव्या वर्षी तसाच उंचवटा दिसला तेव्हा तिने गल्लीभर मिरवलं. “आता झाली ही पक्की नाचणारी!”

नेलिदा जवळच्या त्रुहियो शहरात कपड्यांच्या दुकानात कामाला होती. तिथे टोकदार, उंच टाचांचे काळे बूट घालून दिवसभर उभं राहायचं, असा नियमच होता. रविवारी आणि सुटीच्या दिवशी ती अंगणात सराव करी. गावच्या जत्रेतली स्पर्धा तोंडावर आली होती.

एका रविवारी गिरकी घेता घेता ती मध्येच थांबली. तिचा जोडीदार अर्नुल्फो एर्मेलिंडाला सगळ्यांसारखंच आदराने ‘दोन्या’ म्हणे. तो म्हणाला, “दोन्या एर्मेलिंडा, हिचा पाय एकदा बघा. मी हिला सांगून थकलो.”

नेलिदाने पाय झग्याखाली ओढला. आईने तो बाहेर काढला. सांधा लालभडक, सुजलेला, हाताला गरम लागत होता. अंगठा तिरका होऊन शेजारच्या बोटावर रेलला होता, दोघांमधली कातडी सोलली होती, तळव्याला घट्टा पडला होता.

“कधीपासून हे?”

“ईस्टरच्या आधीपासून.”

“आणि तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?”

“काय सांगू, आई? तू गल्लीभर मिरवत होतीस. दुखतंय म्हटलं असतं तर म्हणाली असतीस, माझ्या आईचं नाही दुखलं, माझं नाही दुखलं, तुझंच कसं दुखतं?”

एर्मेलिंडा नेमकं तेच म्हणाली असती.

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर सालदारियागांनी अंगठा हळूच वाकवून पाहिला, नेलिदाला उभं करून तळवा टेकतो कसा ते पाहिलं. मग आईच्या चपलेकडे बोट दाखवलं. “तुम्हीही काढा.”

“माझं कशाला? मी ठणठणीत आहे.”

“काढा तर खरं.”

मायलेकींचे पाय शेजारीशेजारी ठेवले. जणू एकाच साच्यातले.

“नाचामुळेच ना, डॉक्टर?” एर्मेलिंडाने विचारलं. ‘हो’ ऐकायची तिला फार इच्छा होती.

“नाही, दोन्या. पायाची ही ठेवण तुमच्या घराण्याची आहे. सांधा जन्मतःच जरा सैल, मग अंगठा आत झुकतो आणि हाड बाहेर येतं.”

“म्हणजे हे दुखणं मी दिलं?”

“ठेवण तुम्ही दिलीत. आग लावली त्या बुटांनी. तुम्ही घातलेत कधी असे?”

“लग्नात. चर्चच्या पायरीवरच काढून हातात घेतले.”

डॉक्टर हसले. पुढचा भाग रुंद असलेले बूट, दोन बोटांत मऊ गादी, सूज असेपर्यंत बर्फ, एवढं त्यांनी सांगितलं. वाढलेलं हाड याने आत जाणार नाही, पण दुखणं आटोक्यात येईल. नाहीच आलं तर शस्त्रक्रियेचा विचार करू. सूज उतरली की नाचायला हरकत नव्हती.

त्या आठवड्यात अंगणात नाच सुरू होण्याआधी एर्मेलिंडाने सगळ्या पोरींना ओळीने बसवलं आणि पाय पुढे करायला लावले. “ऐका गं. ही गाठ म्हणजे बक्षीस नाही. आमच्या घरात ती नाकासारखी वारशाने येते, नाच आम्ही कष्टाने मिळवलाय. अंगठा तिरका होतोय, सांधा लाल होतोय, बूट तिथेच चावतोय असं दिसलं की त्याच दिवशी मला सांगायचं. लपवाल तर अंगणातून बाहेर काढीन.”

दुकानातल्या मॅनेजरबाईशी भांडायलाही ती निघाली होती. नेलिदाने दारातच अडवलं. “तू बस. पाय माझा आहे.”

गावच्या चांभाराने शिवलेले रुंद, सपाट काळे बूट घालून नेलिदा कामावर गेली. मॅनेजरबाईंनी खालून वर पाहिलं. “हे काय म्हाताऱ्यांचे बूट?”

नेलिदाने बूट काढून पाय स्टुलावर ठेवला. “याला तुमच्या बुटात कोंबून बघा, सेन्योरा. कोंबता आला तर उद्यापासून घालते.”

बाईंनी वाकून तो पाय पाहिला. मग पुटपुटल्या, “जत्रेपर्यंत चालेल.” जत्रा झाल्यावर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही.

घरी येऊन नेलिदाने हे सांगितलं तेव्हा एर्मेलिंडा रस्सा ढवळत होती. तिने लेकीच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. आपण असतो तर आरडाओरडा केला असता आणि पोरीची नोकरी घालवली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जत्रेच्या दिवशी बँड सुरू झाला. नेलिदाने पांढरा झगा घोट्याच्या वर उचलला आणि ती मैदानात उतरली. उंचवटा उन्हात स्पष्ट दिसत होता, पण लाली गेली होती. अर्नुल्फो रुमाल फिरवत तिच्याभोवती घोटाळत होता आणि ती त्याला हुलकावण्या देत होती. शेवटच्या भागात तिच्या टाचा अशा वाजल्या की बँडवाल्यांनीच ताल वाढवला.

पुढे बसलेली शहरातली एक बाई शेजारणीला म्हणाली, “नाचते छान, पण पाय बघ कसला!”

एर्मेलिंडा मागून वाकली. “बघा, बघा, नीट बघा. आमच्या घरचा आहे.”

नेलिदाचा दुसरा नंबर आला. एर्मेलिंडाच्या मते परीक्षक आंधळे होते आणि तिने ते त्यांना ऐकू जाईल असं बोलून दाखवलं. नेलिदाने हसत तिचा हात धरून तिला चिचाच्या, म्हणजे मक्याच्या दारूच्या, दुकानाकडे ओढलं.

“पुढच्या वर्षी तूही नाव दे, आई. म्हाताऱ्यांच्या गटात.”

“म्हातारी कोण गं?” एर्मेलिंडा म्हणाली, आणि भर गर्दीत चपला काढून उभी राहिली.