डाव्या कानाशी

भिमाजीकाकांनी बशीतल्या चहाचा भुरका मारला. "दानीएलभाऊ, ह्यो चहा न्हाई, पाक हाय. फॅक्टरी सुटली तरी साखर सुटंना व्हय तुमची?"

"काय म्हनला?" पप्पांनी डावा कान माझ्याकडे वळवला.

साखर कारखान्यात उसाच्या चरकांपाशी उभं राहून त्यांचा उजवा कान पार गेला होता, डावा थोडा उरला होता. कानातलं मशीन त्यांना सोसत नसे. त्यात म्हणे सगळी माणसं शिट्ट्या वाजवत बोलतात. त्यामुळे चर्चमधला उपदेश, बँकेतल्या साहेबाचं बोलणं, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं मी त्यांच्या डाव्या कानाशी पुन्हा म्हणायची.

"चहा गोड झालाय म्हणतात," मी मोठ्यानं, शब्द सुटे करून सांगितलं.

"मंग दोन कप कसा पेला, म्हनावं!"

काका हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी पन कमालच हाय, दीना. पुन्याच्या कॉलेजात नोकरी मिळत हुती. या बहिऱ्यापायी अडकून पडलीस."

"काय म्हनला?"

"राहुरीच्या बाजारात वांगी महाग झालीत म्हणतात."

पप्पांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. "लई महाग दिसत्यात," ते म्हणाले.

काका गेल्यावर मी रविवारची पुरवणी उघडली. पप्पांनी काय वाचतेस म्हणून विचारलं. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातल्या एका लघुग्रहावर लेख होता. त्याचं नाव एको. आधी दुसरंच ठेवलं होतं, पण ते युरेनसच्या एका चंद्राला अगोदरच दिलेलं निघालं.

"कोन ही एको?"

"ग्रीक लोकांची वनदेवी. फार बोलकी. देवांच्या राणीला गप्पांत गुंतवायची, तेवढ्यात राजा सटकायचा. राणीनं शाप दिला, आता स्वतःहून बोलायचं नाही. दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे परत म्हणायचे. पुढे एकावर तिचा जीव जडला, पण सांगता येईना. झुरून झुरून नुसता आवाज उरला."

हे सगळं ओरडून सांगावं लागल्यामुळे कुंपणापलीकडे रंगुबाई हातातलं धुणं तसंच धरून उभ्या होत्या. "अगं बया! मंग?"

"मग काही नाही. संपलं."

पप्पा विचारात पडले. "सोपं तर हाय. तिला जे म्हनायचंय ते कुनीतरी तिच्याआधी म्हनायचं. मंग ती म्हनंल."

"तिच्या मनातलं त्याला कळायला नको?"

"त्याला कान कशाला लागत्यात?"

रंगुबाई आत गेल्या. पप्पा अंगणातल्या शेवग्याकडे बघत बसले. मग तिकडेच बघत म्हणाले, "म्हन बरं, दीना. मी अडकले न्हाई."

वांग्यांवर त्यांचा विश्वास बसलाच नव्हता तर.

"दूध उतू जाईल," मी म्हणाले आणि आत गेले. गॅस बंदच होता. मी ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा ते खुर्चीतच डुलकी घेत होते. रात्री भाकरी खाऊन, प्रार्थना करून रोजच्यासारखे झोपले आणि पहाटे झोपेतच गेले.

दुपारी शवपेटी अंगणात शेवग्याखाली ठेवली. मी सवयीनं डाव्या बाजूला बसले. चर्चचे पाळक पवित्र शास्त्र वाचत होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझे ओठ हलत होते. गीत झालं. भिमाजीकाका झाकणापाशी आले. त्यांचे डोळे सुजले होते.

"लावायचं का, दीना?"

"थांबा, काका."

मी वाकले. पप्पांना ऐकू जायचं त्याच आवाजात, मोठ्यानं, शब्द सुटे करून म्हणाले, "मी अडकले नाही."

काकांनी मान खाली घातली. पण एवढं तर पप्पांचंच वाक्य होतं.

"मला तुमच्यापाशीच राहायचं होतं, पप्पा."