मेंढवाड्यातलं शून्य

मित्रांनो, मी एक जुना वायुमापक आहे. विटेएवढा, पिवळा, पुढे हातभर नळी. सध्या आणे गावात तानूबाईंच्या घरी फळीवर पडून आहे. आपण जन्मात कधी खोटं बोललो नाही, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं. केवढा तोरा होता मला त्याचा!

जन्म माझा कारखान्यातला, पण कामाला लागलो भर समुद्रात. तिथे लोखंडी खांबांवर उभ्या केलेल्या फलाटावरून तेल आणि वायू वर काढतात. त्या वायूत मिथेन असतो. त्याला ना रंग ना वास, पण नळ्यांच्या सांध्यांतून निसटून हवेत गेला की पृथ्वी तापवतो. म्हणून नियम असा, की वर्षभरात किती वायू हवेत सुटला याचा अहवाल कंपनीने द्यायचा. तोही अंदाजपंचे नाही, सांधा न् सांधा मोजून. ज्या सांध्यापाशी आकडा पन्नासच्या वर जाईल, तो गळका म्हणून लिहायचा आणि दुरुस्त करायचा. तो आकडा सांगणारा मी.

मला हातात धरणारा गोरक्ष, तानूबाईंचा मुलगा. मेंढपाळाच्या घरातला, कंत्राटावर लागलेला. पंधरा दिवस समुद्रात, पंधरा दिवस घरी. खारा वारा सुटला की तो मला अंगातल्या जाकिटाखाली धरायचा. एवढी माया मला कुणी लावली नाही.

दर वर्षीच्या तपासणीनंतर, कामाला घेण्याआधी, एकदा माझं शून्य लावावं लागतं. स्वच्छ हवेत उभं राहून बटण दाबलं, की तिथल्या हवेला मी शून्य धरतो आणि पुढचं सगळं तिच्यापासून मोजतो. मागच्या वर्षी पुण्यात माझी तपासणी झाली आणि मला घेऊन गोरक्ष घरी आला. समुद्रावर परतायच्या सकाळी तो मेंढरांचा निरोप घ्यायला मेंढवाड्यात शिरला.

“फलाटावर निस्ता धूर असतूय. आपल्या पठारासारखी हवा कुटं मिळायची?” असं म्हणून त्याने तिथेच बटण दाबलं.

अरे देवा! बिबट्याच्या धास्तीने तो वाडा चारी बाजूंनी पत्रे ठोकून बंद केलेला. आत ऐंशी मेंढरं रवंथ करत बसलेली, आणि त्यांच्या ढेकरांतही मिथेनच असतो. पण ज्या वासात तो लहानाचा मोठा झाला, त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. मीही मुकाट्याने त्या हवेला शून्य धरलं.

मग वर्षभर मी गळके सांधे धडधाकट ठरवत गेलो. समुद्रावरच्या मोकळ्या हवेत मिथेन वाड्यापेक्षा कमी, पण शून्याच्या खालचं मला दाखवताच येत नाही, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. कंपनीचा आकडा निम्म्यावर आला. अहवाल लिहिणारे रामदास साहेब खूश. फलाटाला बक्षीस मिळालं, माझा फोटो काढला, मला हार घातला. मी फुगून बसलो होतो हो!

या महिन्यात मला पुन्हा तपासणीला नेताना गोरक्ष घरी थांबला. त्याची बायको वैजयंती म्हणाली, “अवं, ह्यात दिसतं तरी काय, दावा की.” त्याने वाऱ्यावर, मोकळ्या माळावर शून्य लावलं आणि हसत हसत मेंढवाड्यात नळी धरली. मी अडतीस दाखवले. त्याचं हसू तिथेच विरलं. मागच्या वर्षी शून्य याच हवेत लावलं होतं, म्हणजे वर्षभर प्रत्येक आकडा तेवढ्याने कमी आला होता.

त्याने रामदास साहेबांना फोन लावला. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. “अहवाल गेला, बक्षीस मिळालं. आता मापक विहिरीत टाक आणि हरवला म्हण. नाहीतर तुझं कंत्राट गेलं म्हणून समज.”

तो खरंच विहिरीपाशी गेला. त्याने मला काठावरून आत धरलं, आणि मला साधं ओरडताही येत नव्हतं. मागून तानूबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“आरं गोरक्षा, चूक तुज्या हातनं झाली न्हवं? मंग त्या मुक्या जिनसाला का बुडवतूस?”

काठावर बसून तो ढसाढसा रडला. मग घरी येऊन त्याने पत्र लिहिलं: चूक माझी आहे, वर्षभराचे आकडे खोटे आहेत, सांधे अजून गळत आहेत, अहवाल दुरुस्त करा. एक प्रत कंपनीला, एक तपासणी करणाऱ्या कार्यालयाला.

चौथ्या दिवशी कंपनीने त्याचा फलाटावर जायचा पास बंद केला. गोरक्षने रागाच्या भरात थाप मारली, अहवालात काही खोट नाही, असं कंपनीने कार्यालयाला कळवलं. कार्यालयाचं उत्तर आलं, फोटो चालणार नाही, मापक घरीच ठेवा, अधिकारी येऊन तपासतील. कधी, ते लिहिलं नाही.

मित्रांनो, शून्य कुठे आणि केव्हा लावलं, याची नोंद माझ्या पोटात आहे. गोरक्षच्या बाजूने दुसरा पुरावा नाही. पण बॅटरी संपली की ती नोंद पुसली जाते, आणि माझा चार्जर राहिलाय फलाटावर. गोरक्ष वारूळवाडी, नारायणगाव, सगळी दुकानं पालथी घालून आला. कुठलीच पिन मला बसत नाही.

नोंद शाबूत आहे ना, हे पाहायला तो दिवसातून चारदा मला चालू करतो. वैजयंती कळवळून म्हणते, “नगा वो सारकं बघू, हाय तेवडीबी जाईल.” पण त्याला राहवत नाही.

यंत्राला जपा म्हणजे नुसतं पुसून, हार घालून ठेवा असं नाही, मित्रांनो. ते काय सांगतं ते विचारायलाही वेळेवर या. उत्तर येऊन पंधरा दिवस झाले, गोरक्ष रोज हायवेच्या फाट्यावर अधिकाऱ्यांची वाट बघत उभा राहतो. आज सकाळपासून माझ्या बॅटरीची शेवटची रेघ लाल झाली आहे. अधिकारीसाहेब, निघाला असाल तर कुठे थांबू नका. मला अजून सांगता येतंय.