एक थाप

टक.

गॅसचा लायटर पहिल्याच दाबात वाजला आणि ती दचकली. बोटींच्या धक्क्यावरून परतल्यापासून घरात कुणी कुणाशी बोललं नव्हतं. तिनं वळून पाहिलं. बाबा पलंगावर पालथे पडले होते, तोंड भिंतीकडे. त्यांना लायटर ऐकू आला नव्हता.

शेकायच्या पिशवीसाठी तिनं पाणी तापत ठेवलं. त्यांची कंबर धरली होती. ती कुणामुळे धरली, हे तिला माहीत होतं.

धक्क्यावर बाबांना सगळे ‘कानवाले काका’ म्हणत. एखाद्या बोटीचं इंजिन चालू होईना झालं, की ते चालकाला म्हणायचे, “फिरव चावी,” आणि डोळे मिटून ऐकायचे. इंजिनाच्या पोटात टक वाजलं, म्हणजे वीज स्टार्टरपर्यंत पोचली. मग दुखणं बॅटरीचं, तारांच्या गंजलेल्या जोडाचं, नाहीतर खुद्द स्टार्टरचं. टक वाजलंच नाही, तर वीज वाटेतच अडलेली. मग चावी, फ्यूज, गिअर मधोमध असेल तरच दाबलं जाणारं दांड्याखालचं बटण, असं एकेक बघत जायचं. “नाडी बघितल्याशिवाय पोट फाडू नये,” असं ते म्हणायचे.

मग त्यांचे कान गेले. मोठ्यानं बोललेलं कळायचं, पण बारीकसारीक आवाज एकेक करून निघून गेले. हे धक्क्यावर कळू द्यायचं नाही, हे बापलेकीत न बोलताच ठरलं. पाने-पकडी हातात द्यायला म्हणून ती बरोबर जाऊ लागली. बाबा इंजिनाच्या खड्ड्यात ओणवे व्हायचे, ती काठावर बसून त्यांच्या पाठीवर पंजा टेकवायची. टक वाजलं की एक थाप. नाही वाजलं तर हात गप्प. “लेकीचा बापावर भारी जीव,” लोक म्हणायचे. जीव होताच, पण हाताचं कारण वेगळं होतं.

आज सकाळी पलीकडच्या तीरावर माणसं नेणारी बोट अडली होती. धक्क्यावर गर्दी ताटकळलेली. “पोहत गेलो असतो तर एव्हाना पोचलो असतो,” कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. तिची चिमुरडी अंगात कणकण असल्यानं किरकिर करत होती. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून तिलाही काखोटीला मारून आणलेली. मांडीवर घेऊन ती उजव्या हातानं तिला थोपटत होती. डावा हात बाबांच्या पाठीवर.

“गिअर मधोमध आहे ना रे?” बाबांनी खालून ओरडून विचारलं.

“मधोमधच आहे काका. दिसतंय की!” चालक केबिनमधून ओरडला.

“मग फिरव चावी.”

पोरीचे डोळे नुकते मिटत होते. थोपटणारा हात आपसूक चालला होता. आणि त्याच्या नादानं डावाही हलला. एकदाच.

“टक आहे,” बाबा म्हणाले.

तिनं डाव्या हाताकडे पाहिलं. खरंच वाजलं होतं का? एवढ्या गलक्यात... वाजलं असेलही. ‘बाबा, पुन्हा फिरवायला सांगा,’ एवढंच म्हणायचं होतं. पण पोर आत्ता कुठे डुलकी घेत होती आणि डोक्यावर माणसं उभी होती. वाजलंच असेल, असं तिनं मनाला सांगितलं आणि ती गप्प बसली.

जोड बाबांनी स्वतःच नुकते घासलेले, अजून चकाकत होते. केबिनमधला दिवा लख्ख पेटत होता, म्हणजे बॅटरीही ठणठणीत. उरला स्टार्टर. अडचणीच्या जागेत आडवे होऊन त्यांनी तो सोडवला. तो जड लोखंडी गोळा वर उचलताना त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. “काही नाही, जरा लचकलं,” ते म्हणाले. बाहेर काढून त्यांनी त्याला थेट बॅटरीची वायर लावली.

तो गरगर फिरला. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले.

तोवर मालकानं दुसऱ्या, तरुण मिस्त्रीला बोलावलं होतं. त्यानंच स्टार्टर परत बसवला, चावी फिरवली आणि कान दिला. “टक कुठाय काका? मला तर काहीच ऐकू येत नाही.” मग त्यानं गिअरचा दांडा केसभर मागे ओढला आणि पुन्हा चावी फिरवली. इंजिन धडधडत सुरू झालं.

“दांडा झिजलाय. दिसतो मधोमध, पण बटण दाबलंच जात नाही. टक वाजणारच नाही,” तो इंजिनाच्या आवाजावरून ओरडला.

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, निमिषभरच. पोर तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

“वाजलं होतं,” ते मिस्त्रीला म्हणाले. “मी माझ्या कानांनी ऐकलंय.”

“थापा नका मारू काका,” मिस्त्री हसत म्हणाला. वाईट मनाचा नव्हता तो. माणसंही हसली, आणि बोटीत चढायला लागली.

तिनं तोंड उघडलं. थाप माझी होती, असं म्हणावं, तर बाबांचे कान सगळ्यांसमोर उघडे पडणार. न म्हणावं, तर हयातभराची कारागिरी पाण्यात. तिनं तोंड मिटलं. मालक जवळ आला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी आदरानं, मोठ्यानं म्हणाला, “आता आराम करा काका. लागलं तर निरोप धाडीन.”

गॅसवरचं पाणी उकळून सांडायला लागलं होतं. तिनं पिशवी भरली, पलंगाच्या कडेला बसून ती त्यांच्या कंबरेवर ठेवली.

“बाबा, सकाळी माझा हात...”

ते हलले नाहीत. मोठ्यानं म्हटलं असतं तर ऐकू गेलं असतं. मोठ्यानं म्हणवेना.

चिमुरडी झोपेतून उठून डोळे चोळत आली. आता तिचं अंग निवलं होतं. पलंगावर चढून ती आजोबांपाशी बसली आणि तिनं आईसारखाच इवलासा पंजा त्यांच्या पाठीवर टेकवला. थोडा वेळ गंभीरपणे थांबली. मग एक थाप मारली.

बाबांचे डोळे मिटलेलेच होते. “टक आहे?” ते पुटपुटले.

पोरगी वळली. “आई, आजोबा विचारतायत. काय सांगू?”