अर्धी बादली समुद्र

मी एक जुनी बादली आहे, आणि मित्रांनो, समुद्र मी निर्माण केला आहे.

सगळा नव्हे. आठवड्याला अर्धी बादली. उरलेला समुद्र कोणी केला याबद्दल जगात बरेच मतभेद आहेत असं ऐकते. माझ्या अर्ध्या बादलीबद्दल मात्र आजवर कोणीही वाद घातलेला नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका गरम साच्यात झाला. साचा मिटला, उघडला, मी बाहेर पडले. एवढंच माझं बालपण. माझ्याबरोबरच्या बहिणी बहुतेक रंगाच्या धंद्यात गेल्या. एक कुठल्याशा कार्यालयात गळक्या छताखाली कायम झाली आहे म्हणतात. मी मात्र दुकानाच्या फळीवर पालथी पडून होते आणि एके दिवशी एका बाईंनी मला उचललं. आधी त्यांनी माझा वास घेतला. मग आतून नख फिरवलं. मग झाकण लावून पाहिलं, काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं.

"बाई, बादली आहे, स्थळ नाही," दुकानदार म्हणाला.

"स्थळ बघताना एवढं बघितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "म्हणून आता बघते."

शेजारी त्यांचे यजमान पावती हात लांब करून वाचत होते. हात संपला तेव्हा त्यांनी मान मागे घेतली. मान संपली तेव्हा "बरोबर आहे" म्हणून पावती खिशात घातली. त्यांना सगळे साहेब म्हणत. मीही तेच म्हणते.

साहेब आणि बाईंचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि घरही त्यालाच लागून. पुढच्या खोलीत साहेब डोळे तपासायचे. मागच्या खोलीत बाई मशीनवर काचा घासायच्या. मधल्या भिंतीत एक भलीमोठी काचेची टाकी होती आणि तिच्यात समुद्र होता. खराखुरा म्हणावा असा: निळा उजेड, हलतं पाणी, नारिंगी पट्ट्यांचे दोन चिमुकले मासे, आणि मधोमध खडकावर एक मेंदूपोवळं. मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचं, हिरवं, कडेला लालसर, बशीएवढं.

घरी आणल्या आणल्या बाईंनी माझ्या पोटावर काळ्या पेनाने लिहिलं: "समुद्र. साबण लावू नये. फडकं बुडवू नये." अंगावर एवढा मोठा हुद्दा घेऊन वावरणारी बादली तुम्ही पाहिली नसेल. "अहो, समुद्र मोरीजवळ ठेवू नका," "समुद्राचं झाकण कुठंय?" अशी वाक्यं त्या दुकानात रोजची होती. चष्म्याची दांडी घट्ट करायला आलेली गिऱ्हाइकं जरा दचकायची.

मित्रांनो, समुद्र करायचा म्हणजे काय करायचं? आधी पाणी घ्यायचं. साधं नळाचं नव्हे. गाळणीच्या मशीनमधून थेंबथेंब आलेलं, ज्यात पाण्याशिवाय काहीही उरलेलं नाही असं पाणी. इतकं कोरं पाणी पोटात घेतलं की बादलीलासुद्धा एकटं एकटं वाटतं. मग त्यात मीठ. आणि तिथे खरी गोम आहे.

दुकानात एक आजोबा यायचे. त्यांच्या चष्म्याला काहीही झालेलं नसायचं. ते एकदा म्हणाले, "एवढी खटपट कशाला? स्वयंपाकाचं मीठ टाका मूठभर. तेही समुद्रातूनच येतं."

"आजोबा, ते येताना समुद्र मागे ठेवून येतं," बाई म्हणाल्या. "मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सगळं मागे. पोवळ्याला त्यातूनच स्वतःचं हाड बांधायचं असतं. नुसतं खारट पाणी देणं म्हणजे माणसाला पाटावर बसवायचं, पाणी द्यायचं, आणि वाढायचं नाही."

"माझ्या घरी हीच पद्धत आहे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी दांडी पुन्हा घट्ट करून मागितली.

मीठ टाकीवाल्याकडे मिळायचं. मासे, टाक्या, पंप असं सगळं विकणारा हा माणूस. पिशव्या आणायला बाई मलाच घेऊन जायच्या, म्हणून ती निवड मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्याच्याकडे तीन तऱ्हा होत्या. एक नुसत्या माशांसाठी, तिच्यात सगळं जेमतेम. एक पोवळ्यांसाठी, समुद्राच्या जवळात जवळची. आणि तिसरी झगमगीत पिशवी, तिच्यावर पोवळं पिशवी फाडून बाहेर येतंय असं चित्र.

"हे घ्या बाई. झपाट्याने वाढतात."

"मला झपाट्याने काय करायचंय? समुद्राइतकं हवं. समुद्रापेक्षा जास्त नको."

हे वाक्य मी कधी विसरले नाही.

घरी आल्यावर बाई बंद पिशवी फरशीवर लोळवायच्या. प्रवासात जड ते खाली बसतं आणि बारीक ते वेगळं होतं; वरवरचं घेतलं तर अर्धाच समुद्र होतो. मग माझ्यात छोटा पंप सोडायच्या, पाणी गरगरू लागायचं, आणि त्या हळूहळू, चाळणीतून पीठ पडावं तसं मीठ सोडायच्या. आधी माझ्या पोटात धुकं व्हायचं. दाट, पांढरं. त्यात काय चाललं आहे हे मलाही कळायचं नाही. आणि मग ते विरायचं, विरायचं, आणि तळ दिसायचा, माझा स्वतःचा, पण पूर्वीचा नव्हे. जणू फार खोलवरून दिसतोय असा. मी प्लास्टिकची आहे. मला शहारे येत नाहीत. तरी त्या क्षणी पंपामुळे का होईना, माझं अंग थरथरायचं.

शेवटी उंच काचेच्या भांड्यात माझ्यातलं थोडं पाणी घेऊन बाई त्यात एक काचेची नळी तरंगत सोडायच्या. पाणी जितकं खारट तितकी नळी वर. नळीच्या पोटात कागदावर केसासारख्या रेघा. पाण्याची पातळी योग्य रेघेला टेकली की बाई म्हणायच्या, "झाला समुद्र." ज्या पोवळ्याचे पूर्वज खऱ्या महासागरात वाढले, ते पोवळं दुकानाच्या भिंतीत पिशवीतल्या पुडीचं हे पाणी अंगावर घ्यायचं आणि फुलायचं. त्याला फरक कळायचा नाही. का कळत असूनही ते बोलायचं नाही, कोण जाणे. माझं हे नवल अजून सरलेलं नाही.

ते पोवळं बाईंकडे आलं तेव्हा अंगठ्याएवढा तुटका तुकडा होता. त्यांच्या मैत्रिणीने टाकी मोडली, तेव्हा कचऱ्यात निघालेला तो तुकडा बाईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. त्याला त्या रोज संध्याकाळी एका बारीक नळीने खाणं भरवायच्या आणि साहेबांना हाका मारायच्या, "अहो, बघा ना, बघा, बोटं बाहेर काढलीत त्याने!" साहेब यायचे, टाकीसमोर उभे राहायचे, "वा, छान," म्हणायचे आणि जायचे.

मग बाईंच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. बाई काही आठवडे तिकडे राहणार होत्या. निघताना त्यांनी साहेबांना सगळं दोनदा करून दाखवलं.

"समजलं?"

"अगं, मी शिकलेला माणूस आहे."

"म्हणून तर दोनदा दाखवलं." मग टाकीकडे बघत त्या म्हणाल्या, "हे गेलं ना, तर मी परत टाकी लावणार नाही. एवढं मन पुन्हा नाही व्हायचं माझं."

साहेबांनी काळजी घेतली नाही असं कोणी म्हणू नये. पिशवी त्यांनी इतकी लोळवली की शेजारचा शिंपी विचारायला आला. पाणी आधी, मीठ नंतर, सगळं शिस्तीत. मग नळी तरंगत सोडली आणि ते भांड्यासमोर वाकले. जवळ गेले. लांब गेले. दाणे टिपणाऱ्या कोंबड्यासारखी मान पुढे-मागे झाली.

"कमी वाटतंय," ते म्हणाले. खोलीत मी सोडून कोणी नव्हतं. त्यांनी अजून एक माप मीठ टाकलं.

मित्रांनो, बादलीला वजन कळतं. ते पाणी मला जड लागलं. पण बादलीला तोंड असतं ते ओतण्यापुरतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा "कमी वाटतंय." त्याच्या पुढच्या आठवड्यातही. माझ्या काठावर मिठाचा पांढरा थर धरू लागला. आणि टाकीत पोवळं आक्रसू लागलं. हिरवं मांस आत गेलं, वळ्यांच्या कडा वर आल्या, पांढऱ्या, धारदार.

आजोबा काचेला नाक लावून म्हणाले, "साहेब, ह्याचे दात दिसायला लागले."

फोन आला की बाई पहिलं हेच विचारायच्या. "उघडतंय ना?"

"आराम करतंय," साहेब म्हणायचे.

"आराम?"

"तू नाहीस ना. दमलंय."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ टाकीसमोर बसून राहायचे. समोरचं धुरकट हिरवं काहीतरी लहान होत चाललं आहे, एवढं त्यांना दिसत होतं. एका दुपारी त्यांनी मला उचललं आणि टाकीवाल्याकडे नेलं.

"मीठ बदलायचंय. हे मानवत नाही त्याला."

"माप बरोबर पडतंय ना?" टाकीवाल्याने विचारलं.

"अहो, मी रोज लोकांचे डोळे मोजतो!" साहेब म्हणाले.

टाकीवाल्याने ती झगमगीत पिशवी पुढे केली. साहेबांनी ती हात लांब करून वाचली, म्हणजे चित्र पाहिलं. समुद्रापेक्षा जास्त, माझ्याच पोटात घालून, आम्ही घरी आणलं.

बाई परतल्या त्या दिवशी त्या चपलाही न काढता टाकीपाशी गेल्या. साहेब मागे उभे होते.

"मी दर वेळी मोजूनच घातलं," ते म्हणाले. "मीठसुद्धा बदललं. भारीतलं आणलं. तुझी शपथ."

बाईंनी टाकीतलं पाणी भांड्यात घेतलं आणि नळी सोडली. नळी चांगली ताठ वर आली.

"वाचा," बाई म्हणाल्या.

"बरोबर रेघेवर आहे."

"कुठल्या रेघेवर?"

"ती काय, काळी."

"अहो, तिथे काळ्या रेघा वीसएक आहेत. तुम्हाला किती दिसतात?"

साहेब वाकले. पुढे झाले, मागे झाले.

"एक," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "जाडशी."

बाईंनी त्यांचा दंड धरला आणि पुढच्या खोलीत नेऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. ज्या खुर्चीसमोर उभं राहून साहेबांनी अख्ख्या रस्त्याला चष्मे लावले होते, त्या खुर्चीत ते स्वतः कधी टेकले नव्हते. डोळे तपासायची ती जड गोल चौकट बाईंनी त्यांच्या नाकावर चढवली आणि एकेक काच खट् खट् सरकवू लागल्या.

"हे बरं, की हे?"

"पहिलं."

"आता? हे, की हे?"

"तू माझीच वाक्यं बोलतेयस."

"तुमचीच चालतात. हे, की हे?"

ती चौकट तशीच नाकावर ठेवून साहेब मागे आले आणि भांड्यासमोर वाकले. ह्या वेळी मान हलली नाही. त्यांनी रेघा पाहिल्या, सगळ्या. पाण्याची पातळी पाहिली. चेहरा उतरला.

"अगं, हे भयंकर खारट आहे," ते म्हणाले. "ओतू का गोडं पाणी? आत्ताच?"

"एकदम नाही. एकदम केलंत तर उरलंसुरलं जाईल. थोडं थोडं. त्याला कळणार नाही असं."

मग काही दिवस माझ्या पोटात समुद्र नव्हता. रोज टाकीतलं थोडं पाणी काढायचं आणि माझ्यातलं कोरं, गोडं पाणी टाकीच्या तापमानाला आणून थेंबथेंब सोडायचं. अंगावर "समुद्र" लिहिलेलं असताना नुसतं पाणी वाहून न्यायला मला कमीपणा वाटेल अशी माझी समजूत होती. वाटला नाही. रोज संध्याकाळी दोघं टाकीसमोर स्टूल टाकून बसायचे आणि पांढऱ्या कडांकडे बघायचे. मी त्यांच्या पायाशी.

आणि एका संध्याकाळी, टाकीचा उजेड उतरून निळा होत असताना, कडेची एक वळी जराशी फुगली. मग तिच्या शेजारची. पांढरी धार हिरव्याखाली बुडाली. आणि फटीतून एक बोट बाहेर आलं, दोऱ्याएवढं, आरपार दिसणारं, टोकाला उजेडाचा ठिपका. मग दुसरं. मग मोजणं शक्य नव्हतं. निळ्या उजेडात प्रत्येक ठिपका आतून पेटल्यासारखा हिरवा झाला, आणि ती सगळी बोटं पाण्यात चाचपू लागली, काहीतरी शोधत, जणू नुकतीच जगात आली आहेत.

साहेबांचा चष्मा अजून व्हायचा होता, म्हणून नाकावर ती जड चौकटच होती. ते काचेच्या इतके जवळ गेले की काचेवर वाफ धरली.

"हे… हे असं रोज करतं?"

"रोज."

"इतकी वर्षं?"

"हाका मारत नव्हते का मी? बघा, बघा म्हणून?"

"बघत होतो गं मी." साहेबांचा आवाज बारीक झाला. "मला वाटायचं, हिरव्या मखमलीसारखं काहीतरी आहे. तू म्हणायचीस म्हणून मी छान म्हणायचो."

बाईंनी भरवायची नळी साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी अलगद खाण्याचा एक कण सोडला. एका बोटाने तो झेलला आणि आत नेला. तिथे, वळीच्या मधोमध, मोहरीएवढं तोंड उघडलं आणि मिटलं. साहेब श्वास घ्यायचे थांबले होते. मीही थांबले असते, पण मला ती सोय नाही.

आता मी जुनी झाले आहे. कडीजवळ चीर गेली आहे. पोटावरची अक्षरं पुसट झाली, ती साहेबांनी परवा स्वतः पुन्हा गिरवली, एकही वळण न चुकता. खरा समुद्र मी पाहिलेला नाही. पाहिला तर ओळखेन की नाही, सांगता येत नाही. फार मोठा असतो म्हणतात, आणि मोठ्या प्रमाणावर केलेल्या कामात सफाई राहत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. समुद्राच्या बादलीला साबण लावू नका. मीठ घाईने टाकू नका. जास्त देणं म्हणजे चांगलं देणं असं समजू नका. आणि घरातलं कोणी "बघा ना, बघा" म्हणून हाक मारली, तर उठून जा आणि नीट दिसेपर्यंत बघा.

चष्मा बाईंनी स्वतः घासून दिला. नंबर प्लस दोन. दोन्ही डोळ्यांचा सारखाच.