फुकट येणारी बाई

“घ्या की जरा,” म्हणत मी बाळ पुढे केलं, तर बाईने हात मागे घेतले. “नको, त्याच्या आईकडेच द्या.” आई म्हणजे माझी सोळा वर्षांची पोर, कोपऱ्यात नखं खात बसलेली.

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेली ही बाई दर आठवड्याला आमच्याकडे येते, कोवळ्या वयात आई झालेल्या मुलींना आधार द्यायला म्हणे. दवाखान्यातल्या नर्सने पाठवलेली. पगार नाही, पाण्याशिवाय काही घेत नाही. फुकट कोण कोणासाठी चपला झिजवतं? बाळाचं करायला शिकवायला येते आणि बाळाला बोटसुद्धा लावत नाही. नुसती टक लावून बघते. मूल नसलेल्या कुणा श्रीमंतासाठी बाळ हेरायला आली असणार, माझी खात्रीच पटली. ती हात धुवायला गेली तेव्हा मी तिची पिशवी चाचपली. छत्री, चष्मा, दोन केळी. काही सापडलं नाही म्हणून संशय आणखीच बळावला.

पोरीला मी बजावलं, हिच्यासमोर बाळ एकटं सोडायचं नाही. ती म्हणाली, “मी असतेच की.” तिचं असणं मी धरतच नव्हते. बाळाची आंघोळ, झोपवणं, सगळं माझ्याकडे. ते ट्यँ करायच्या आत मी हजर. बाळाचा बाप सतराचा. त्याला तर मी दारातूनच परतवून लावते.

काल बाळ रडलं. मी हातातली इस्त्री ठेवून धावले, तर बाई दारात आडवी उभी. माझं डोकंच फिरलं. कुणासाठी हवंय माझं नातवंड, ते एकदाचं सांगून टाका, म्हटलं.

ती चिडली नाही.

“मी पण सोळाचीच होते,” ती म्हणाली. “माझी आई तुमच्यासारखीच धावायची. फार जीव होता तिचा. मला कधी उठावंच लागलं नाही. आज मुलगा चाळिशी ओलांडून गेला. मला ताई म्हणतो.”

आत बाळ रडून लालबुंद झालं होतं. पोरीने त्याला खांद्यावर टाकलं, पुन्हा मांडीवर घेतलं, पुन्हा उचललं. तीही रडकुंडीला आलेली. माझे हात नुसते शिवशिवत होते. बाई केव्हाच बाजूला झाली होती. आता मला कुणीच अडवत नव्हतं.

हळूहळू नुसते हुंदके राहिले, मग तेही थांबले. पोरगी त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती, मला ऐकू येणार नाही अशा आवाजात. “आई, धर गं,” अशी हाक येईल म्हणून मी बराच वेळ दारात उभी राहिले.

हाक आली नाही.