तीन मुठी पीठ

तिसरं धिरडंही उलथताना मधोमध मोडलं, तेव्हा थोरलीने उलथनं ओट्यावर आपटलं.

"त्या केळीवाल्याला एकदा उभा करून विचारते," ती तव्याला म्हणाली. "पिकलेली मागितली तर पाणी पाजलेली दिली मेल्याने."

केळी नेहमीचीच होती. भाजीची, लांब, जाड सालीची. खिडकीच्या कट्ट्यावर आठ दिवस ठेवून साल कोळशासारखी काळी झालेली. त्याआधी थोरली त्यांना हात लावत नसे. पिवळं केळं म्हणजे नुसता रंग, आत अक्कल नाही, असं तिचं मत होतं. काळी साल ओढली की आतलं केळं मधासारखं मऊ निघे. ते कुस्करायचं, चिमूटभर मीठ, जरासं दूध, केळ्यागणिक एक मूठ पीठ, आणि मंद आचेवर लोणी सोडून धिरडी घालायची. चाळीस वर्षं ती अशीच घालत होती. चाळीस वर्षांत मोडकं धिरडं तिने कुणाच्या ताटात वाढलं नव्हतं. म्हणून आता दाराकडे पाठ करून, उभ्या उभ्या, ते तुकडे ती स्वतःच खाऊन टाकत होती. चवीला काही कमी नव्हतं. पण चव काय, चव कुणीही आणतं.

घरात, गल्लीत, दवाखान्यात सगळे तिला थोरलीच म्हणत. पाच भावंडांत ती पहिली, आणि पुढे जिथे गेली तिथे पहिलीच. शाळेत दोन वर्षं गेली, बेरजेपर्यंत पोचली आणि परत आली. वजाबाकी तिच्या स्वभावातच नव्हती.

शनिवारी धाकटी यायची होती. धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण. तीस वर्षं तिने एका शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. दोनशे पोरांचं खाणं ती काट्यावर तोलून करी आणि एक घास वाया जाऊ देत नसे. जिभेला धार दोघींच्या सारखीच, पण धाकटीच्या जिभेला वर शिक्षण होतं. अशी ही धाकटी एकदा, आईच्या आजारपणात, सगळ्या भावंडांसमोर बोलून गेली होती, "मी सगळं करून पाहिलं, पण धिरडं करावं ते ताईनेच." त्या एका वाक्यावर थोरली आजवर जगली होती. धाकटी दरवर्षी येई, टेबलाशी बसून दोन धिरडी खाई आणि विचारी, "ताई, आता तरी माप सांग." थोरली दरवर्षी म्हणे, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

आता शनिवारी धिरडं मोडलं तर धाकटी हसणार नाही. तीच तर भीती होती. ती गप्प राहून मोडकं धिरडं संपवेल आणि जाताना दारात म्हणेल, "वय झालं गं ताई, आता सुनेकडे दे."

"आई, मी करू का काही मदत?" सून दारात उभी होती.

"मदत पडलेल्याला करतात."

सून कपडे शिवायची. बाहेरच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीशी तिचं मशीन होतं आणि गळ्यात कायम टेप. आत येऊन तिने ओट्यावरचं सांडलेलं पीठ फडक्याने टिपलं. पिठाच्या डब्यापासून पातेल्यापर्यंत एक पांढरी रेघ पडली होती.

"डबा गळका झालाय," थोरली म्हणाली.

"हो," सून म्हणाली, आणि फडकं झटकायला बाहेर गेली.

ही सून नवी होती तेव्हा तिने विचारलं होतं, "आई, पीठ किती?"

"केळ्याला एक मूठ."

"मूठ म्हणजे किती?"

"मूठ म्हणजे मूठ. तुला नाही का?"

तर ही पोरगी उठली, कान तुटलेला एक कप घेऊन आली आणि म्हणाली, "यात सोडा." थोरलीने मूठ सोडली. कपावर आतून एक निळं फूल होतं. त्या फुलाच्या पाकळ्यांपर्यंत पीठ आलं. सुनेने वाकून बघितलं, मान हलवली आणि गेली. पुढे बारा वर्षं थोरलीने येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगितली. "आमची सून सासूच्या मुठीचं माप घेते. उद्या मुठीला झबलं शिवेल." लोक हसत. सूनही हसे. तो कप मग मशीनवर गेला आणि त्यात बटणं राहू लागली.

रात्रीच्या जेवणाला मुलाने विचारलं, "आई, हात अजून दुखतो का?"

गेल्या थंडीत ती जिन्यावर घसरली होती. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघालं तेव्हा डॉक्टरने रबरी चेंडू दिला आणि दिवसातून चार वेळा दाबायला सांगितलं. थोरली त्याला म्हणाली होती, "आज चेंडू देतोस, उद्या दोरीवरच्या उड्या मारायला लावशील." चेंडू त्याच दिवशी कपाटाच्या खणात गेला.

"दुखत नाही," ती मुलाला म्हणाली. "खात्री हवी असेल तर गाल पुढे कर."

शुक्रवारी ती पुन्हा ओट्याशी उभी राहिली. केळी कुस्करली, मीठ टाकलं, दूध घातलं, तीन मुठी पीठ घातलं. इतक्यात सून आत आली.

"आई, तो केळीवाला गल्लीत आलाय. तुम्हाला विचारतोय."

थोरली हात पुसत तशीच निघाली. केळीवाला कोपऱ्यावर गाडी लावून दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. थोरलीने त्याला पाच मिनिटं फैलावर घेतलं. पाणी पाजलेली केळी, बिघडलेला जमाना, त्याच्या बापाच्या वेळचा माल, काही ठेवलं नाही.

"पण मी कुठे बोलावलं तुम्हाला?" तो बिचारा म्हणाला.

"बोलावलं नाहीस म्हणून सोडलं," थोरली म्हणाली आणि परतली.

त्या दिवशी एकही धिरडं मोडलं नाही. कडा तांबूस, मधे मऊ, उलथलं की तव्यावर टपकन बसत होतं. थोरलीने सात धिरडी रचली आणि बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "दोन शब्द सुनावले की केळीसुद्धा सरळ होतात."

मशीनचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. ती बाहेर गेली तेव्हा सुनेची बटणं एका बशीत पडलेली दिसली. पसारा, असं मनात म्हणून ती पुढे गेली.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी उठली. उजाडलं होतं. धाकटीला यायला दोन तास होते. एकदा हात बसवून घ्यावा म्हणून तिने एकच केळं घेतलं, कालच्याच घडातलं. डब्यात हात घातला, मूठ भरली, आणि हात बाहेर काढताना सहज तिची नजर त्याच्यावर पडली.

शेवटची दोन बोटं मिटली नव्हती. बाकीच्यांनी पीठ धरलं होतं आणि ही दोघं पाहुण्यांसारखी बाजूला उभी होती. त्यांच्या फटीतून पीठ गळत होतं. बारीक, आवाज न करता. पातेल्यापर्यंत हात जाईतो ओट्यावर पांढरी रेघ पडली. डबा गळका नव्हता.

तिने तरी धिरडं घातलं. ते मोडलं.

गॅस बंद करून ती बाहेरच्या खोलीत आली आणि सुनेच्या स्टुलावर बसली. समोर बशीत बटणं होती. कप कुठे गेला म्हणून तिने रिळांच्या खोक्यामागे बघितलं. तिथे होता. आत पाकळ्यांपर्यंत पिठाची पांढरी कड धरली होती, आणि शेजारी गुंडाळून ठेवलेल्या टेपवर, चार आणि पाच आकड्यांच्या मधे, अंगठ्याचा पांढरा ठसा होता.

काल केळीवाला खरंच कुणाला विचारत नव्हता. तेवढ्या वेळात पातेल्यात पीठ पडलं होतं, मोजून.

थोरलीला राग आला. सवयीने आला, आणि बसायला जागा नाही असं पाहून परत गेला. कप घेऊन ती स्वयंपाकघरात आली. पुन्हा डब्यात हात घातला, जितकी मिटेल तितकी मूठ मिटली आणि कपावर धरून उघडली. पीठ फुलाच्या पाकळ्यांना शिवलंसुद्धा नाही. खाली देठापाशीच राहिलं.

मग तिने कप रिकामा केला आणि बाहीने पुसला. डबा उघडला, कप पिठात उभा रोवला, झाकण लावलं. कपाटाचा खण ओढून चेंडू काढला आणि गाऊनच्या खिशात टाकला.

धाकटी आली ती हातात काठी घेऊन. थोरलीने काठीकडे बघितलं, धाकटीने थोरलीच्या मनगटाकडे. बसल्यावर धाकटी म्हणाली, "परवा नात मला एका हॉटेलात घेऊन गेली. पॅनकेक म्हणे. एवढासा, आणि वर वाटीभर मध."

"चव नसली की मध लागतो."

"मी तेच म्हणाले. वेटर रागावला."

थोरलीने तीन केळी कुस्करली. धाकटीची नजर हातावर होती, म्हणून ती जरा आडवी उभी राहिली. एक मूठ. दुसरी. तिसरी. सून पाण्याचा तांब्या घेऊन आत आली आणि उगीच तो इकडून तिकडे ठेवू लागली.

"आई," ती शेवटी म्हणाली, "बाहेर ते... दोरीवरचे कपडे उडतायत बहुतेक."

बाहेर पानही हलत नव्हतं. दुसरा कुठला दिवस असता तर थोरली म्हणाली असती, तुला काय हात नाहीत? तिने पातेलं ओट्यावर सुनेच्या बाजूला सरकवलं.

"बघते," ती म्हणाली. "चल गं धाकटे, तुला गॅलरीतल्या कुंड्या दाखवते."

"कुंड्या काय बघायच्या आहेत, गेल्या वर्षी बघितल्या."

"वाढतात त्या. ऊठ."

गॅलरीत कपडे दोरीवर शिस्तीत लटकले होते. धाकटी कुंड्यांवर वाकून काहीतरी नावं ठेवत होती. थोरली दाराकडे पाठ करून उभी राहिली आणि कान मागे ठेवला. खिशातला चेंडू तिच्या हातात होता.

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

मग काहीच आवाज नाही.

थोरलीने चेंडू दाबला. एकदा, दोनदा. पीठ घ्यायला एवढा वेळ लागत नाही. तिसऱ्यांदा दाबला. चौथ्यांदा दाबताना आतून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर कप पातेल्याच्या काठावर हलकेच आपटल्याचा. झाकण लागलं.

"उडाले नाहीत कपडे," थोरली आत येत म्हणाली.

"नाही का?" सून म्हणाली. ती वळली नाही. "मला वाटलं, वारा आहे."

"होता. थांबला."

पहिलं धिरडं तव्यावर पडलं, कडेला जाळी धरली, आणि थोरलीने उलथनं खाली सारून ते फिरवलं. अख्खं फिरलं. दुसरंही, तिसरंही. धाकटीने पहिलं संपवलं, दुसरं संपवलं, बोटाला लागलेलं लोणी चाटलं आणि मान हलवली.

"नाही बाई. मला नाही जमणार. ताई, आता तरी माप सांग. आपली दोघींची किती वर्षं राहिली आहेत?"

थोरली तव्याकडे बघत होती. झाकल्या मुठीची गोष्ट तिच्या ओठांपर्यंत आली होती.

"हिला विचार," ती म्हणाली. "माझं माप हिच्याकडे असतं."

धाकटी सुनेकडे वळली. सुनेचे डोळे लाल होते. ते तव्याच्या धगीने असतील, असं धाकटीला वाटलं असावं.

"तीन केळ्यांना तीन मुठी, मावशी," सून म्हणाली. "आईंच्या मुठीने."

"म्हणजे पुन्हा तेच," धाकटी वैतागली. "सासूसारखीच झालीस की."

थोरलीने तव्यावरचं धिरडं काढलं. धाकटीने बशी पुढे केली होती. ती तशीच राहू देऊन थोरलीने ते सुनेच्या बशीत वाढलं, सर्वांत तांबूस निघालेलं.

"गरम आहे तोवर खा," ती म्हणाली. "आणि मागाहून तुला एक डबा काढून देते बटणांना. बशीत किती दिवस ठेवणार आहेस?"